फुरसं : माळावरचा लहानसा साप

मंडळी, आपल्या सांगली जिल्ह्यात सापाचा विषय निघाला की शिराळ्याचं नाव येतं आणि डोळ्यांपुढे फणा काढलेला नाग उभा राहतो. आज मात्र आपण जेमतेम फूट-दीड फूट लांबीच्या फुरशाकडे पाहू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांत आकारानं सगळ्यांत लहान हेच.

मिरजेजवळची कृष्णाकाठची काळी जमीन मागे टाकून आपण पूर्वेला कवठेमहांकाळ, जतकडे निघालो की मुरमाड माळ सुरू होतो. पाऊस कमी, झुडपं विरळ, दगड भरपूर. फुरशाला मानवते ती अशी जागा. कोकणात, रत्नागिरीकडच्या कातळावरही ते पुष्कळ सापडतं. दिवसा ते दगडाखाली किंवा झुडपाच्या बुडाशी दडून बसतं आणि रात्री भक्ष्य शोधतं. पाली, बेडूक, उंदीर तर खातंच, पण विंचू आणि गोमही सोडत नाही.

त्याच्या अंगावरचे खवले करवतीसारखे दातेरी असतात. डिवचलं की ते वेटोळं करून खवले एकमेकांवर घासतं आणि करकर असा आवाज येतो. हा इशाराच समजायचा, बरं का!

आता मुद्द्याची गोष्ट. साप लहान, जखमही लहान, म्हणून माणूस घरी थांबतो. घोटाळा इथंच होतो. हे विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. मग काही तासांनी हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. दवाखान्यात थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विष भिनलंय हे कळतं. त्यावर उपाय प्रतिविषाचा. ते घोड्याच्या रक्तापासून तयार करतात आणि या चारही सापांच्या विषावर चालतं. म्हणून जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यात वेळ न दवडता, चावलेला हात-पाय न हलवता थेट रुग्णालय गाठायचं.

म्हैसाळ योजनेचं पाणी पोचलं तसा पुष्कळ माळ नांगराखाली आला. शेतातले दगड वेचून आपण बांधावर रचतो, आणि फुरशाला आडोसा तिथंच मिळतो. तेव्हा बांधावरचा दगड उचलण्याआधी तो काठीनं हलवून पाहायचा, आणि रात्री बॅटरी व पायात बूट असल्याशिवाय शेतात जायचं नाही. एवढं पाळलं तर आपणही वाचू आणि फुरसंही.