दिसतं तेवढंच असतं

जावामध्ये एक कोटी ओळींचा पाढ्यांचा तक्ता करता येतो आणि त्यासाठी एकही गुणाकार आधी करून ठेवावा लागत नाही. पहिल्या कॉलममध्ये अंक, दुसऱ्यात त्याची दुप्पट, तिसऱ्यात तिप्पट, असं तिसापर्यंत. हौस असेल तर त्यापुढे पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. (जुन्या लोकांना औटकीही तोंडपाठ असे, संगणकाला ती शिकवायला कोडची एक ओळ पुरते.) स्क्रोलबार धरून खाली ओढला की लाखो ओळी सर्रकन निघून जातात आणि जिथे थांबाल तिथे बरोबर उत्तर मांडलेलं असतं. तीस कोटी सेलचा हा तक्ता साध्या लॅपटॉपच्या मेमरीत आरामात मावतो, कारण तो मेमरीत नसतोच.

ही करामत स्विंगची. डेस्कटॉपवर चालणाऱ्या जावा प्रोग्रॅमना बटणं, मेनू, टेबलं पुरवणारा हा संच 1998च्या डिसेंबरमध्ये जावाच्या 1.2 आवृत्तीबरोबर आला. त्याआधीचा एडब्ल्यूटी हा संच विंडोज असो की मॅक, ज्या यंत्रावर चालेल त्याच्याकडून बटण उसनं घ्यायचा. स्विंगने बहुतेक सगळं स्वतःच्या हाताने रंगवायला घेतलं. पुढे वेबच्या रेट्यात डेस्कटॉप जावा मागे पडला, हे खरं. पण इंटेलिजे आयडिया आणि नेटबीन्स ही प्रोग्रॅमरांची रोजची हत्यारं स्विंगवरच उभी आहेत. आणि आपल्याकडच्या कर सल्लागारांना टीडीएसचं रिटर्न तयार करणारी जावा युटिलिटी चांगलीच ओळखीची असते: पॅन, नाव, कलम, तारीख, रक्कम, कापलेला कर, असे एकामागून एक कॉलम.

स्विंगमधल्या टेबलाचं नाव जेटेबल. त्याच्याकडे स्वतःची माहिती नसते. ती मॉडेल नावाच्या वेगळ्या वस्तूकडे असते आणि साधं मॉडेल लिहिणाऱ्याला तीनच प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: ओळी किती, कॉलम किती, आणि अमुक ओळीत अमुक कॉलमखाली काय आहे? पाढ्यांच्या मॉडेलचं तिसरं उत्तर म्हणजे ओळीचा क्रमांक गुणिले कॉलमचा क्रमांक. झालं मॉडेल. विचारलं की सांगायचं, साठवायचं काही नाही.

जेटेबल हा तिसरा प्रश्न विचारतं कधी, यात खरी गंमत आहे. पडद्याचा एखादा भाग रंगवायची वेळ आली की त्याच्या हाती एक आयत पडतो: एवढंच रंगव. ओळीची ठरलेली उंची मुळात 16 पिक्सेल असते. आयताची वरची कड 80,000व्या पिक्सेलवर असेल, तर एका भागाकारात कळतं की 5,000 ओळी वर निघून गेल्या आहेत. आयत 480 पिक्सेल उंच असेल तर पुढच्या 30 ओळींशीच काम. त्यातले दहाएक कॉलम दिसत असतील तर तीनशे प्रश्न, तीनशे उत्तरं. एक कोटीतल्या बाकीच्यांना कुणी हाकही मारत नाही.

बरं, त्या तीनशे सेलमध्ये निदान तीनशे लेबलं तरी असतील? तीही नसतात. मजकुरासाठी एक लेबल, आकड्यांसाठी उजवीकडे चिकटणारं दुसरं, हो-नाहीसाठी टिकमार्कचा एक चौकोन, बस. जेटेबल ते एकच लेबल उचलतं, त्यावर 27 लिहितं, पहिल्या सेलच्या जागी उमटवतं. पुसून 54 लिहितं, पुढच्या जागी उमटवतं. कचेरीतल्या टेबलावरच्या तारखेच्या रबरी शिक्क्यासारखं: चाकं फिरवा, उमटवा, पुन्हा फिरवा. एरवी कुठलंही लेबल मजकूर बदलला की ‘मला पुन्हा रंगवा, माझी मापं बदलली’ म्हणून वरती वर्दी देतं. या लेबलाची ती सवय स्विंगच्या लेखकांनी मुद्दाम मोडून ठेवली आहे, नाहीतर सेकंदाला हजारो वर्द्या गेल्या असत्या. नवशिका प्रोग्रॅमर सेलमध्ये बटण ठेवतो आणि ते दाबलं का जात नाही म्हणून हैराण होतो. तिथे बटण नाहीच, बटणाचा ठसा आहे. सेलमध्ये खरीखुरी वस्तू येते ती फक्त संपादनाच्या वेळी, आणि तीही एका वेळी एकच.

स्क्रोल करणं म्हणजे काय, हेही असंच फसवं आहे. टेबलाला स्क्रोलबार पुरवणाऱ्या चौकटीचं नाव जेस्क्रोलपेन, आणि तिच्या पोटात व्ह्यूपोर्ट असतो. मागे प्रचंड उंच टेबल आहे असं मानायचं आणि व्ह्यूपोर्ट त्याचा दिसणारा तुकडा ठरवतो. तुम्ही तीन ओळी खाली गेलात तर आधीच रंगलेले पिक्सेल जसेच्या तसे उचलून 48 पिक्सेल वर सरकवले जातात आणि तळाशी उघडी पडलेली 48 पिक्सेलची पट्टी तेवढी नव्याने रंगते. म्हणजे दर हालचालीला तीनशेऐवजी तीसच प्रश्न.

आणि हे सगळं ज्या माहितीवर चालतं ती किती? चार पूर्णांक: किमान, कमाल, सध्याची जागा आणि दिसणाऱ्या तुकड्याची उंची. स्क्रोलबार हे या चार आकड्यांचं नुसतं चित्र आहे. आकडे वेगळ्या वस्तूत असतात. त्या वस्तूचं नाव बाउंडेडरेंजमॉडेल. याच पूर्णांकांमुळे तक्त्याच्या लांबीला एक मर्यादाही पडते. जावाचा पूर्णांक 2,14,74,83,647 पर्यंत जातो. त्याला 16ने भागा, म्हणजे जवळजवळ साडेतेरा कोटी ओळी. त्यापुढे उंचीचा हिशेब उलटून ऋण होतो आणि टेबलाची उंची शून्याखाली जाते. मेमरी संपायच्या आधी पिक्सेल संपतात, हे मला फार आवडतं.

आता आडवी अडचण. 27चा कॉलम पाहायला उजवीकडे सरकलं की डावीकडचा मूळ अंक नजरेआड होतो. समोर 6,48,000 दिसतं, पण कितीच्या ओळीतलं? हे दुखणं स्प्रेडशीटच्या जन्मापासूनचं आहे, आणि इलाजही. 1979मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसिकॅल्क ॲपल टूवर आलं तेव्हा पडदा अवघा 40 अक्षरं रुंद होता आणि तक्ता 63 कॉलम, 254 ओळींचा. इतक्या चिंचोळ्या जागेत गोष्टी हरवणारच. म्हणून त्यात शीर्षकं जागच्या जागी गोठवायची आज्ञा होती आणि पडद्याचे दोन भाग करायचीही. शिवाय दोन्ही भाग एकत्र सरकावेत की वेगवेगळे, तेही विचारलं जाई. माऊस नाही, रंग नाही, आणि विभागलेला तक्ता मात्र तयार!

त्याच वर्षी झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात ट्रिग्व्हे रीन्सकाउग हा नॉर्वेजियन पाहुणा एक वेगळीच विभागणी मांडत होता. जहाजांच्या आराखड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलेला हा माणूस. त्याचं म्हणणं असं की माहिती एका जागी ठेवा, तिची दृश्यं वेगळी ठेवा, मग एकाच माहितीची हवी तेवढी दृश्यं शेजारी शेजारी मांडता येतील. स्विंगने ही कल्पना थोडा फेरफार करून उचलली आणि फक्त माहितीलाच नाही, तर निवडीला, कॉलमच्या मांडणीला, स्क्रोलच्या जागेलाही स्वतंत्र मॉडेल दिलं. एकाच वर्षी पुढे आलेल्या या दोन कल्पना जेटेबलपाशी येऊन मिळतात.

कारण जेटेबलमध्ये ‘कॉलम गोठवा’ अशी सोयच नाही. लागतही नाही. दोन टेबलं घ्यायची. दोघांना एकच माहितीचं मॉडेल द्यायचं. डावं फक्त पहिला कॉलम दाखवतं, उजवं बाकीचे. दोघांना एकच निवडीचं मॉडेल द्यायचं. डावीकडे ओळीवर क्लिक केलं की उजवीकडची तीच ओळ निळी होते. दोन जेस्क्रोलपेन जेस्प्लिटपेन या सरकत्या दांडीच्या चौकटीत दोन बाजूंना ठेवायचे आणि दोघांच्या उभ्या स्क्रोलबारना तेच चार आकडे वाटून द्यायचे. ही शेवटची गोष्ट कोडच्या एका ओळीची आहे. ती लिहिण्याआधी दोन टेबलं असतात. लिहिल्यावर मधल्या दांडीने दुभागलेलं एकच टेबल. कुणी कुणाला निरोप पाठवत नाही, कुणी कुणाच्या मागे धावत नाही. दोघंही एकाच आकड्याकडे बघतात.

जे वाटून दिलं ते जुळतं, आणि जे वाटलं नाही तिथे भ्रम फुटतो. ओळीची उंची टेबलाच्या स्वतःच्या ताब्यात असते, म्हणून उजवीकडच्या एका ओळीत लांब मजकूर आला आणि ती उंच केली, की तिथून खाली डावी-उजवीची फारकत. टॅबने पुढे जाताना डाव्या टेबलाच्या शेवटच्या सेलवरून कर्सर उजव्या टेबलात जात नाही, डाव्याच्याच पुढच्या ओळीवर उतरतो. त्याच्या दृष्टीने टेबल तिथेच संपलेलं असतं. आडवा स्क्रोलबार फक्त उजवीकडे दिसत असेल तर तिथला व्ह्यूपोर्ट तेवढा बुटका होतो, चार आकड्यांतल्या चौथ्यावर दोघांचं एकमत होत नाही आणि तळाशी पोचल्यावर ओळींची जुळणी बिघडते. उपाय ओबडधोबड आहे: गरज नसली तरी आडवा स्क्रोलबार दोन्हीकडे कायम दाखवा.

सगळ्यात खट्याळ प्रकार माऊसच्या चाकाचा. डावीकडे उभा स्क्रोलबार कशाला, म्हणून तो लपवला की डाव्या बाजूवर चाक फिरवून तक्ता खालीवर होईना! चाक फिरलं की स्विंग आधी पाहतं, उभा स्क्रोलबार दिसतोय का. दिसत नसेल तर ते आडव्याकडे वळतं. आकडे जागेवर आहेत, पण त्यांचं चित्र नाही, म्हणून चाकाला दाद नाही. यावर चाकाची हालचाल पकडून उजव्या बाजूकडे धाडावी लागते.

हा व्याप नको असेल तर दुसरी वाट आहे. जेस्क्रोलपेनला डाव्या कडेला ओळींच्या मथळ्यासाठी राखीव जागा असते. तिथे सरळ दुसरं टेबल बसवता येतं. मग उभं सरकणं आपोआप जुळतं आणि चाकही गपगुमान चालतं. डाव्या टेबलाचा मथळा मात्र वरच्या कोपऱ्यात हाताने ठेवावा लागतो. आणि पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला की गोठवलेला एकुलता कॉलम निम्मा पडदा अडवून बसतो, कारण स्क्रोलपेनमधल्या टेबलाने मागायची जागा मुळात 450 गुणिले 400 पिक्सेल ठरलेली आहे, कॉलम एक असो की पन्नास. त्याला ‘तुझ्या खऱ्या रुंदीएवढंच माग’ असं बजावावं लागतं. बजावलं की नीट बसतो, पण मधली दांडी धरून रुंदी कमीजास्त करायची सोय या वाटेवर नाही. वापरणाऱ्याची नावं कधी आखूड, कधी ‘कोल्हापूर जिल्हा मध्यवर्ती’ छाप लांबलचक असतील, तर जेस्प्लिटपेनच बरा.

आणखी एक सावधगिरी. पाढ्यांच्या तक्त्याला 2006च्या जावा 6पासून मिळणारा सॉर्टर जोडला आणि कुणी मथळ्यावर क्लिक केलं, तर इतका वेळ मजेत चाललेला आळशीपणा संपतो. क्रम लावायचा तर प्रत्येक ओळीला हाक मारावीच लागते, आणि सॉर्टर एक कोटी ओळींसाठी एक कोटी छोट्या नोंदी मेमरीत मांडतो. तेवढा वेळ खिडकी गोठते, कारण स्विंगमध्ये रंगवणं, क्लिक ऐकणं आणि हा क्रम लावणं सगळं एकाच धाग्यावर चालतं.

दोन टेबलांवर समाधान मानायचं कारण नाही. वरच्या तीन ओळीही गोठवायच्या असतील तर चार टेबलं घ्या. डावी-उजवी जोडी उभे चार आकडे वाटून घेईल, वरची-खालची जोडी आडवे. वरच्या-खालच्या जोडीला कॉलमचंही एकच मॉडेल द्या: वर कॉलम रुंद केला की खाली रुंद होतो, वर मथळा धरून कॉलमची जागा बदलली की खालीही बदलते. खालच्या टेबलांचे मथळे काढून टाका. आता अडेल ती फक्त मधली उभी दांडी, कारण वरच्या आणि खालच्या भागात तिचे दोन तुकडे आहेत आणि जेस्प्लिटपेनने दांडीच्या जागेला मॉडेलच दिलेलं नाही. ती जागा त्याने स्वतःपाशीच ठेवली आहे. इथे मात्र जुन्या पद्धतीने निरोप्याचं काम करावं लागतं: वरची हलली की खालचीला सांगा, खालची हलली की वरचीला. दोघी एकमेकींना अखंड सांगत बसतील अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. जागा आहे तीच पुन्हा सांगितली, तर स्विंग बदल झाल्याची वर्दी देत नाही.