गवंड्याच्या पाठीवरचं क्रोमियम

ओल्या सिमेंटचा सामू १२च्या वर असतो. इतका अल्कधर्मी माल दिवसभर हाताला लागला, तर कातडी कोणाचीही सोलवटेल. पण काही गवंड्यांचे हात कित्येक वर्षं धडधाकट राहतात आणि मग एकाएकी इसब उठतं. काम सोडलं की उतरतं, थापी धरली की पुन्हा उसळतं. ही ॲलर्जी, आणि तिचं कारण वेगळं: सिमेंटच्या भट्टीतल्या उष्णतेत तयार होणारं, पाण्यात विरघळणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. ते त्वचेत शिरून प्रथिनांना चिकटतं आणि काही जणांच्या टी-पेशी त्याला कायमचं शत्रू ठरवतात.

कारणं दोन, तेव्हा तपासण्याही दोन. माल त्वचेला झोंबतो का, हे १९४४पासून सशांवर पाहिलं जाई. आता मानवी पेशींपासून बशीत त्वचेचे थर वाढवतात, त्यावर पदार्थ ठेवतात आणि निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या, तर तो दाहक ठरवतात.

ॲलर्जी अशी बशीत पकडता येत नाही, कारण त्या कातडीला प्रतिकारसंस्थाच नाही. म्हणून तिचे टप्पे सुटे करून तपासतात: पदार्थ प्रथिनांच्या तुकड्यांना चिकटतो का, त्वचेच्या पेशी खवळतात का, पहारेकरी पेशी जाग्या होतात का. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये अशा एकत्रित निकालांना मान्यता दिली. मात्र चिकटण्याची चाचणी धातूंना लागू पडत नाही. म्हणजे आपलं क्रोमियम पहिल्याच फाटकातून निसटतं!

गवंड्याचं निदान करायला अजूनही त्याची पाठच लागते. त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली पॅच टेस्ट ती हीच. व्हॅसलिनमध्ये अर्धा टक्का पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून पाठीवर दोन दिवस चिकटवतात. पट्टी काढल्यावर एकदा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण ही ॲलर्जी सावकाश उमटते. ओलं सिमेंटच लावलं तर सगळ्यांचीच पाठ भाजेल आणि कळणार काहीच नाही.

उपाय मात्र स्वस्त निघाला. डेन्मार्कमध्ये १९८०च्या दशकात सिमेंटमध्ये हिराकस मिसळू लागले. त्यामुळे क्रोमियम जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात जातं. युरोपीय संघाने २००५पासून विरघळणाऱ्या क्रोमियमला दहा लाख भागांत दोन भागांची मर्यादा घातली. हिराकशीचा असर गोणीत हळूहळू ओसरतो, म्हणून तिथे गोणीवर माल भरल्याची तारीख आणि साठवणुकीची मुदत छापावी लागते. सामू मात्र १२च्या वरच राहतो. हातमोजे सुटत नाहीत.