हेलिपॅड म्हणजे नुसता चुन्याचा गोल नव्हे

नोव्हेंबर 2024 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या हेलिपॅडवर उद्धव ठाकरे यांची बॅग तपासली गेली आणि त्यावरून राजकारण पेटलं. गाजलं ते बॅगेत काय आहे एवढंच. तिचं वजन किती, हा प्रश्न चर्चेत आलाच नाही. उडणाऱ्या यंत्राला मात्र तोच प्रश्न महत्त्वाचा, आणि त्यासोबत ऊन आणि आजूबाजूची जागाही.

25 मे 2017 रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याहून मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं सिकोर्स्की हेलिकॉप्टर भर उन्हात उडालं, जेमतेम वर गेलं, खाली आलं आणि विजेच्या तारांत अडकून वस्तीलगत कोसळलं. आतले सहाही जण वाचले, हे नशीबच म्हणायचं.

हेलिकॉप्टरचा पंखा हवा खाली ढकलतो. जमीन जवळ असते तोवर त्याला त्या हवेचा आधार मिळतो, कमी ताकदीत तरंगता येतं. पंख्याच्या व्यासाएवढी उंची गाठली की हा आधार जवळपास संपतो. निलंग्याच्या त्या हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास सुमारे 13 मीटर. आपल्याकडे गावातले विजेचे खांब साधारण 8-10 मीटरचे. म्हणजे जिथे आधार सुटत जातो, तिथेच तारा! पुढे वेग घेतला की उचल पुन्हा वाढते, पण वेग घ्यायला समोर मोकळं रान लागतं. चहूबाजूंनी खांब, झाडं, इमारती असल्या तर सरळ वर चढावं लागतं आणि त्यात इंजिनाचा कस निघतो.

त्यात आपला उन्हाळा. 15 अंशांच्या मानाने 40 अंशांना हवा सुमारे 8 टक्के विरळ होते. पंख्याची पकड घटते, इंजिनाचाही दम कमी होतो. यवतमाळ-वाशिमचं लोकसभेचं मतदान 2024 मध्ये झालं 26 एप्रिलला. प्रचाराचे दिवस कसे तापले असतील, ते विदर्भात सांगायला नको.

बारीक तार तर वैमानिकाला दिसतेच असं नाही. खांब पाहून अंदाज बांधावा लागतो.

म्हणून सभेच्या आयोजकांना एवढंच सांगणं : मंडपाजवळचं मैदान नको, मोकळं रान शोधा. उड्डाण सकाळी ठेवा. आणि वैमानिक म्हणाला वजन जास्त होतंय, तर एक कार्यकर्ता गाडीने पाठवा.