एक स्वनिम की दोन?

स्वन : प्रत्यक्ष उच्चारलेला ध्वनी.
स्वनिम : शब्दाचा अर्थ बदलू शकणारे ध्वनीचे एकक.
स्वनांतरे : एकाच स्वनिमाचे जागेनुसार बदलणारे उच्चार.

● लघुतम युग्म ही पहिली कसोटी. एकाच जागचा एकच ध्वनी बदलून अर्थ बदलला, तर स्वनिम दोन. मन–मण, काल–काळ, पळ–फळ.

● लिपीवर विसंबून चालत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया, इथला ज तालव्य. ‘तू शंभर वर्षं जग’ यातला दंततालव्य. ‘जरा’ (म्हातारपण) आणि ‘जरा’ (थोडेसे) यांचेही तेच. अक्षर एक, स्वनिम दोन.

● पूरक वितरण : एक ध्वनी येतो तिथे दुसरा येत नाही. इंग्लंड-अमेरिकेच्या इंग्रजीत ‘पिन’मधला प महाप्राण, ‘स्पिन’मधला अल्पप्राण. तोंडापुढे तळहात धरला की हवेचा झोत कळतो. (मराठी माणूस बहुधा दोन्हीकडे साधाच प म्हणतो.) अदलाबदल केली तरी अर्थ तोच, म्हणून तिथे स्वनिम एकच. मराठीत मात्र प-फ वेगळे.

● ध्वनिसाम्य हवेच. इंग्रजीत ह अक्षरावयवाच्या आरंभीच येतो आणि ‘किंग’च्या शेवटचा ङ अंतीच. गाठ कधीच पडत नाही. तरी साम्य नसल्याने स्वनिम दोन.

● मुक्त परिवर्तन : ‘फळ’मधला फ ओठ मिटून म्हणा वा दात ओठाला लावून, फळ तेच. स्वनिम एक.

● या कसोट्यांचे नियम निकोलाय ट्रुबेत्स्कॉय यांनी मांडले. त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर, १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला.