कारंज्यातली शाळा कशी जोखावी?

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडमधल्या नगर परिषदेच्या शाळेची सरकारदरबारी ओळख म्हणजे ११ अंकांचा यू-डायस क्रमांक. त्यातले पहिले दोन अंक, २७, हे महाराष्ट्राचे. या क्रमांकाखालच्या नोंदीत इयत्तावार पट, मुली-मुलगे, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांग विद्यार्थी, शिक्षक, स्वच्छतागृहं असा तपशील असतो.

मुलं किती शिकली, याचं माप वेगळं. १२ नोव्हेंबर २०२१च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची मुलं तपासली गेली. ४ डिसेंबर २०२४च्या ‘परख’ सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीची. दोन्हींत शाळा नमुन्याने निवडल्या जातात. त्यामुळे वाशीम जिल्ह्याचा निकाल कारंज्यातल्या एखाद्या शाळेला चिकटवणं अन्यायाचं आहे.

निकालामागे पटाची घडणही पाहावी लागते. या भागात कुणाच्या घरी वऱ्हाडी, कुणाच्या उर्दू, तर कुणाच्या बंजारा बोली. पुस्तकाची भाषा घरच्या बोलीहून निराळी असली, की वाचन उशिरा जमतं. आईबाप कामासाठी परगावी गेले, की हजेरी तुटते.

शिक्षकांचं गणितही मोलाचं. शिक्षणहक्क कायदा, २००९नुसार प्राथमिक वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. एवढ्या पटाची पहिली ते चौथीची शाळा असेल, तर एकेका शिक्षकाला एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात.

वाशीम २०१८पासून केंद्राच्या योजनेतला आकांक्षित जिल्हा आहे. त्या योजनेच्या मूल्यमापनात शिक्षणाला ३० टक्के भार आहे. पण एकेका शाळेवर लक्ष ठेवायला शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिसरीतलं प्रत्येक मूल समजून वाचतं का, हे त्यांनी बैठकीत हक्काने विचारावं.