मोत्या, गोचीड आणि कडुनिंब

मोत्याच्या कानामागे गोचीड दिसली, की आजी कडुनिंबाचा पाला उकळायला ठेवते. या उपायात विज्ञान किती? पाहू या.

पिसू हा सहा पायांचा कीटक. परंतु पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. ती कोळ्याच्या नात्यातली! मादी रक्त पिऊन गळून पडते व भिंतीच्या फटीत हजारांवर अंडी घालते. म्हणजे कुत्र्याबरोबर फटीही साफ करायला हव्यात.

कडुनिंबातील अॅझाडिरॅक्टिन १९६८ साली वेगळे करण्यात आले. ते कीटकांची भूक मारते व त्यांच्या वाढीत अडथळा आणते. कडुनिंबातील अशा द्रव्यांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही संशोधन झाले आहे. मात्र हे द्रव्य मुख्यतः बियांत असते आणि उष्णतेने विघटन पावते. तेव्हा उकळलेल्या पाल्यावर फार विसंबू नये.

गवती चहाच्या तेलाचे काय? एका टीपकागदावर त्याचा थेंब टाका, दुसऱ्यावर खोबरेलाचा. दुसऱ्या दिवशी पहिला डाग बराच फिकट झालेला दिसेल, दुसरा तसाच! डासांना दूर ठेवतात ते हवेत उडणारे रेणू. ते उडून गेले, की संरक्षणही संपते.

कुत्रा अंग चाटतो, हे विसरू नका. कापूर, डांबराच्या गोळ्या, लसूण आणि तीव्र सुगंधी तेले त्याला विषारी ठरू शकतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. कुत्रा जेवेनासा झाला, हिरड्या फिक्या पडल्या, तर तो गोचीडताप असू शकतो. मग पाला बाजूला ठेवून थेट पशुवैद्याकडे न्यावे.