रक्ताच्या पिशव्या आणि नवी सिस्टर

मेहरूणसारख्या वस्तीतली मुलगी नर्सिंग पास होऊन वॉर्डात उभी राहते, तेव्हा इंजेक्शन-सलाईनची भीती महिन्याभरात मोडते. रक्ताची मात्र मोडत नाही, आणि मोडूही नये. बाळंतपणात अंगावरून फार गेले की एकाच बाईसाठी तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे तिन्ही मागवावे लागते. एकाच रक्तदात्याच्या रक्तातून हे तिन्ही वेगळे काढता येतात; पण वेगळे झाले की प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसच्या फ्रिजमध्ये राहतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांना गोठवून ठेवतात व देण्याआधी रक्तपेढीतच वितळवतात. प्लेटलेटला थंडी सोसत नाही. त्या २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवतात आणि साधारण पाचच दिवस टिकतात. वॉर्डातला औषधांचा फ्रिज यांपैकी कोणासाठीच नाही. अर्ध्या तासात लावणे जमणार नसेल तर पिशवी आणूच नये. रक्तस्राव जोराचा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी एका वेळी एकच पिशवी मागवावी.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो आणि पुष्कळदा पिशवी नातेवाईकच रिक्षातून आणतो. रक्तपेढीकडून थंड पेटी मागून घ्यावी. मात्र पिशवी थेट बर्फाला टेकवू नये, पेशी फुटतात. गरम पाण्यात बुडवून कोमट करणे तर मुळीच नको.

खरा धोका पुढेच आहे. मेळ न बसणारे रक्त चढते ते बहुतेक वेळा नमुन्याची बाटली, लेबल किंवा खाट यांच्या अदलाबदलीने. म्हणजे शुद्ध कारकुनी चूक! नोंदवहीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे लगेच पटेल. म्हणून नमुन्याच्या बाटलीवर नाव रुग्णाच्या खाटेजवळच लिहायचे. पिशवी लावताना दोघींनी, खाटेजवळ उभे राहून, नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि मुदत ताडायची. "तुम्ही अमुकबाई ना?" असे विचारू नये, तापातला रुग्ण कशालाही "हो" म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असे विचारावे. नातेवाईक चिडले तरी प्रत्येक पिशवीला विचारावे.

ओ गट सर्वांना चालतो, हेही अर्धेच खरे. ते तांबड्या पेशींपुरते, आणि तेही ओ निगेटिव्हचे. प्लाझ्माचा हिशेब उलटा, तिथे एबी सर्वांना चालतो. शिवाय १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' गट साध्या तपासणीत ओ दिसतो, पण त्या माणसाला ओ रक्त चालत नाही. रक्तपेढी दात्याचे व रुग्णाचे रक्त जुळवून पाहते ते उगीच नव्हे.

रक्ताची नळी गाळणीची हवी आणि तिच्यातून फक्त साधे नॉर्मल सलाईन. रिंगरमधल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात, ग्लुकोजने पेशी फुटतात. औषधही त्या नळीत सोडायचे नाही. तांबड्या पेशींनंतर प्लेटलेट द्यायच्या तर नवी नळी घ्यावी. लावलेली पिशवी चार तासांत संपलीच पाहिजे. प्लाझ्मा व प्लेटलेट बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास जातात. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर वेग डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

पहिली १५ मिनिटे रक्त हळू सोडून सिस्टरने खाटेजवळच थांबायचे आणि ताप, नाडी, रक्तदाब, श्वास पाहायचा. दुसरी पिशवी लावली की ही १५ मिनिटे पुन्हा पहिल्यापासून. दोन पिशव्या एकदम चालू असतील आणि थंडी वाजू लागली, तर दोष कोणत्या पिशवीचा हे कसे कळणार?

थंडी, ताप, कंबरदुखी, धाप, अंगावर गांधी किंवा लाल लघवी यांपैकी काहीही दिसले तर आधी रक्त बंद करायचे, डॉक्टर नंतर. सुई काढायची नाही. नवी नळी जोडून सलाईन चालू ठेवायचे आणि नाव-क्रमांक पुन्हा ताडायचे. ती पिशवी कचऱ्यात टाकायची नाही. नळीसकट, रुग्णाच्या ताज्या नमुन्याबरोबर ती रक्तपेढीत जाते. चूक कुठे झाली ते तिथेच कळते.